ठाण्याच्या गाण्यांचा वारसा कसा नोंदवावा

आपल्या शहराच्या गाण्यांचा इतिहास नोंदवायला घेताना सुरुवात कलावंतांच्या नावांपासून करू नये, जागांपासून करावी. ठाण्यासारख्या शहरातील बहुतेक गाणी मुंबईत ध्वनिमुद्रित झाली. इथे ती ऐकली गेली, मांडवांत आणि नाट्यगृहांत पुन्हा गायली गेली. त्यामुळे या वारशात श्रोत्यांचा वाटा मोठा आहे, आणि श्रोत्याला आधी आठवते ती आपण बसलो होतो ती जागा.

शहराचा साधा नकाशा घेऊन त्यावर पहिली खूण मासुंदा तलावाकाठच्या राम गणेश गडकरी रंगायतनावर करावी. हे नाट्यगृह १९७८ साली उभे राहिले आणि ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी स्थापन झाली. म्हणून रंगायतनाच्या पहिल्या काही वर्षांची कागदपत्रे नगरपालिकेच्या नावाने शोधावी लागतात. शहर घोडबंदरच्या दिशेने वाढल्यावर डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आले, त्याचीही नोंद करावी. मात्र खरा वेळ द्यावा तो रंगायतनापूर्वीच्या जागांना, म्हणजे शाळांची पटांगणे, देवळांचे सभामंडप, चाळींची अंगणे आणि गणेशोत्सवाचे मांडव यांना. त्यांच्यावर कोणतीही पाटी नसते आणि इमारत पाडली गेली की पत्ताही उरत नाही.

जागांनंतर माणसे. ठाण्यात दोन नावे टाळताच येत नाहीत. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ लिहिणारे जनकवी पी. सावळाराम या शहराचे नगराध्यक्ष होते. भावगीते लिहिणाऱ्या कवीच्या हाती गावाचा कारभार असावा, याचा मला ठाणेकरांइतकाच अभिमान वाटतो. दुसरे पं. राम मराठे. १९६३ सालच्या ‘संगीत मंदारमाला’चे संगीत त्यांचे, आणि त्यातील ‘जय शंकरा गंगाधरा’ हे पद आजही मैफलींत गायले जाते. महानगरपालिका त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. परंतु या मोठ्या नावांवर थांबू नये. पेटीवर, तबल्यावर, व्हायोलिनवर कोण होते, निवेदन कोणी केले, लाउडस्पीकर कोणाचा होता, हे प्रत्येक कार्यक्रमापुढे लिहावे. निमंत्रणपत्रिकेत ही नावे सर्वांत लहान अक्षरांत असतात आणि सर्वांत आधी विसरली जातात.

निमंत्रणपत्रिकांचा एक नेहमीचा दोष म्हणजे त्यांवर तारीख आणि वार असतो, साल नसते. अशा वेळी पत्रिकेवरील तिथीचा आधार घ्यावा. समजा, कोजागिरीच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही छापलेले आहेत. तीच तिथी त्याच तारखेच्या आसपास साधारणपणे दर १९ वर्षांनी येते, पण तारीख तीच असली तरी वार दोन किंवा तीन दिवसांनी पुढे सरकलेला असतो. म्हणून तारीख, वार आणि तिथी ही तिन्ही जुन्या पंचांगांशी पडताळली की बहुधा एकच साल उरते. ते साल पत्रिकेवर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे आणि ते कसे काढले हेही नमूद करावे.

वयस्कर श्रोत्यांना भेटताना ‘तुम्हाला काय आठवते?’ असे विचारल्यास उत्तर ‘फार छान दिवस होते’ एवढेच येते. त्याऐवजी मंच कोणत्या दिशेला होता, तिकीट कुठे मिळायचे, शेवटची लोकल गाठायची म्हणून कोणत्या गाण्याला लोक उठू लागले, असे विचारावे. लोकलच्या वेळेवरून कार्यक्रमाची लांबी कळते. ज्या नोंदीला दोन स्वतंत्र माणसांचा किंवा एका कागदाचा दुजोरा नाही, तिच्यापुढे ‘ऐकीव’ असे स्पष्ट लिहावे.

घराघरांत घरगुती ध्वनिमुद्रणाच्या कॅसेट असतात. त्या लगेच वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. आधी कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेकडे उजेडात पाहावे. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, आणि अशी कॅसेट वाजवल्यास बुरशी यंत्रात जाऊन पुढच्या कॅसेटलाही लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्यावी. चांगल्या कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन लहान तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही ध्वनिमुद्रित होणार नाही. मग फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून सैल करावी. संगणकावरची मूळ प्रत डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या, स्वरूपात ठेवावी. एमपीथ्री केवळ ऐकण्यासाठी करावी. आवरणावरचा हस्ताक्षरातील मजकूर चुकांसह जसाच्या तसा उतरवावा.

हे सारे इंटरनेटवर टाकण्यापूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे. भारतात कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. सावळाराम १९९७ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०५७ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रकाशनानंतर ६० वर्षांचा असतो, त्यामुळे तबकडीची मुदत संपली तरी गीताची संपलेली नसते. जाहीर सूचीत ध्रुवपदाची पहिली ओळ, गायक, कवी, संगीतकार, जागा आणि दिनांक एवढे पुरेसे आहे.

तयार सूचीची एक छापील प्रत १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला देऊ करावी आणि दुसरी, ज्या घरातून पत्रिका व कॅसेट मिळाल्या त्या घरी मूळ वस्तूंसह स्वतः नेऊन द्यावी.