सुपरस्टिशनच्या डोंगरांत ‘डचमन’ची खाण शोधताना

अ‍ॅरिझोनातील फिनिक्स शहराच्या पूर्वेला सुपरस्टिशन नावाची ओसाड डोंगररांग आहे. जेकब वॉल्ट्झ या जर्मन माणसाची सोन्याची खाण तेथे दडली आहे, अशी आख्यायिका आहे. त्या काळी तिकडे जर्मनांनाही ‘डच’ म्हणत. त्यावरून ही ‘डचमनची खाण’ झाली. फिनिक्सच्या परिसरात राहणाऱ्या आणि सह्याद्रीत भटकलेल्या मराठी वाचकाला हा शोध घ्यावासा वाटला, तर त्याने सुरुवात डोंगरापासून न करता वहीपासून करावी.

वहीच्या एका पानावर त्या काळात नोंदले गेलेले लिहावे आणि समोरच्या पानावर मागाहून चिकटलेले. वॉल्ट्झ २५ ऑक्टोबर १८९१ रोजी फिनिक्समध्ये वारला आणि अखेरच्या दिवसांत त्याची शुश्रूषा करणारी ज्युलिया थॉमस १८९२ मध्ये स्वतः शोधाला निघून रित्या हाताने परतली, हे पहिल्या पानावर जाईल. त्याच्या उशापायथ्याशी बसलेल्या बाईला जे गवसले नाही, ते कोणा तिऱ्हाइताच्या नकाशात नेमके उमटले असेल, यावर विश्वास ठेवण्यापूर्वी दहादा विचार करावा.

सर्वांत लाडकी खूण म्हणजे दुपारी चार वाजता वीव्हर्स नीडल या सुळक्याची सावली जेथे पडते, तेथे खाण. ही खूण तपासण्याजोगी आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ खर्च करावा. डिसेंबरच्या अखेरीस सूर्यावरून धरलेल्या स्थानिक वेळेने चार वाजता सूर्य नैऋत्येला क्षितिजाजवळ असतो, तेव्हा सपाट जमिनीवरची सावली ईशान्येकडे, उंचीच्या जवळजवळ सहापट लांब पडेल; जूनच्या अखेरीस तीच सावली साधारण पूर्वेकडे, उंचीच्या दीडपटीहूनही कमी असेल. शिवाय अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली ती नोव्हेंबर १८८३ मध्ये, आणि त्याआधीची येथील स्थानिक वेळ आजच्या घड्याळापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे मागे आहे. म्हणजे जुने चार म्हणजे आजचे चार वाजून पंचवीस मिनिटे. तारीख नसलेली ही खूण एका जागेकडे बोट न दाखवता एका विस्तीर्ण पट्ट्याकडे दाखवते.

नंतर खडक पाहावा. या डोंगरांचा बराचसा भाग ज्वालामुखीच्या राखेचा आणि लाव्ह्याचा असल्याने सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना तो ओळखीचा वाटेल, पण १८९२ मध्ये पश्चिमेकडील गोल्डफील्डला सोने लागले ते त्याहून पुष्कळ जुन्या ग्रॅनाइटच्या प्रदेशात. त्यामुळे उंच कड्यांपेक्षा, जेथे जुना खडक उघडा पडला आहे अशा कडेच्या भागाचा अभ्यास अधिक फलदायी ठरतो. चमकणारा कण ओळखायचा सराव घरीच, विकत आणलेल्या नमुन्यांवर करावा: फरशीच्या खरखरीत, चकाकी नसलेल्या बाजूवर घासले असता पायराइट या सोन्यासारख्या दिसणाऱ्या खनिजाचा ओरखडा हिरवट काळा उमटतो, सोन्याचा पिवळाच राहतो. अभ्रकाचे पापुद्रे टाचणीने सुटतात. सोन्याला नुसता खळगा पडतो.

खोदण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. हा भाग टोंटो राष्ट्रीय वनातील संरक्षित अरण्य असून १ जानेवारी १९८४ पासून तेथे नव्या खाणहक्काची नोंद होत नाही, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू उचलण्याविरुद्ध १९७९ चा संघीय कायदा आहे. जुने अवजार दिसल्यास जागेवरच छायाचित्र काढावे, स्थान टिपावे आणि वनखात्याच्या कार्यालयाला कळवावे.

पहिली फेरी पेराल्टा पायवाटेने फ्रीमाँट खिंडीपर्यंत करावी. चढ सुमारे चार किलोमीटरचा आहे आणि खिंडीतून नीडल समोर उभा ठाकतो. जाण्याचे दिवस नोव्हेंबर ते मार्च एवढेच धरावेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतात. १९३१ च्या जूनमध्ये खाण शोधायला गेलेला ॲडॉल्फ रूथ परतला नाही; त्याची कवटी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सापडली. दिवसाला माणशी किमान चार लिटर पाणी सोबत घ्यावे, वाटेतल्या झऱ्यांचा भरवसा धरू नये, आणि निघण्याची व परतण्याची वेळ कोणाला तरी लेखी देऊन जावे. पाठपिशवीत एक साधा कंगवाही असावा. चोया निवडुंगाचा गोळा कातडीला चिकटला तर तो बोटांनी ओढू नये, कारण बोटेही अडकतात. कंगव्याचे दात काटे आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून, तोंड दुसरीकडे वळवून एका झटक्यात उडवावा.