बागेत बार्बेक्यू करायचाय? आधी आगीचं बघा, मग चिकनचं

बेळगावात थंडी पडली की ग्रुपवर सुरू होतंय, रविवारी बागेत बार्बेक्यू करूया म्हणून, आणि पहिली चर्चा कशाची तर चिकन किती आणायचं. ते नंतर बघा ओ, आधी तिथं आग पेटवू देतात काय ते विचारा. माळी हो म्हणाला एवढ्यावर जाऊ नका, बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्या ऑफिसात साधा अर्ज द्या, तारीख, वेळ, माणसं किती, शेगडी कोळशाची की गॅसची, सगळं लिहून. कन्नडात लिहिणारं कोणतरी सोबत असलं तर बरं. नाही म्हणाले तर वाद नको, कुणाच्यातरी मळ्यात जावा, नांगरलेलं मोकळं रान असलं तर उत्तमच. शहरातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारासारख्या झाडीत खाली वाळका पाला असतोय, तिथं शेगडीचा विचार सोडा. जांबोटी-कणकुंबीकडं जंगलात तर मुळीच नको, भीमगड अभयारण्य त्याच पट्ट्यात आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात आग लावायला बंदी आहे. उन्हाळ्यात तिकडचं गवत एका ठिणगीनं पेटतंय, मग वणवा कुणाला आवरणार?

नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट, एप्रिल-मेमध्ये वळीव कधी गाठेल सांगता येत नाही.

शेगडी पायांची घ्या, गवतावर टेकवू नका. रॉकेल-पेट्रोल अजिबात नको, करवंटीचे तुकडे किंवा शेणी खाली लावून पेटवा, वर लोणारी कोळसा. आता इथंच सगळे घाई करतात, ज्वाळा दिसली की चिकन ठेवतात, वरून काळं आतून कच्चं. ज्वाळा बसू दे, कोळशावर राखाडी थर चढू दे, वीस-पंचवीस मिनिटं जातात, तोवर गप्पा मारा. मग निखारे एका बाजूला सारा, अर्धी शेगडी रिकामी ठेवा. आधी निखाऱ्यावर रंग आणायचा, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण ठेवून आतपर्यंत शिजवायचं.

चिकन माणशी पाव किलो धरा. दही, आलं-लसूण, मीठ आणि तिखटाला संकेश्वरी मिरची, तिखट कमी पण रंग पाहिजे असेल तर ब्याडगी. रात्रीच लावून फ्रिजमध्ये, नेताना बर्फाच्या डब्यात. उरलेला कच्चा मसाला शिजलेल्या तुकड्यावर परत लावायचा नाही, पोट बिघडतंय त्यानं. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा नाहीतर त्याच जळतात. न खाणाऱ्यांसाठी जाळी आणि चिमटा वेगळा न्या, "त्याच जाळीवर करूया की" असं म्हणू नका, बिचारे तोंडानं काही बोलत नाहीत पण उपाशी बसतात. त्यांच्यासाठी ढबू मिरची, कांदा, पनीर, मक्याची कणसं, आणि आपली बेळगावची रताळी तर पाहिजेतच, सालीसकट रिकाम्या बाजूला ठेवायची, बोटानं दाबली की मऊ लागेपर्यंत.

प्लास्टिकच्या प्लेटी-ग्लास नको, कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे, पत्रावळ्या किंवा घरातली ताटं न्या.

पाण्याच्या दोन बादल्या शेगडीपासून हलवायच्या नाहीत, हात धुवायला वेगळं पाणी. निघताना निखाऱ्यावर लांबून, थोडं थोडं पाणी घाला, वाफ अंगावर येत्या. काडीनं ढवळा, परत घाला, वरनं हात धरला तर ऊब लागता कामा नये. लागली तर अजून पाणी. मगच राख पत्र्याच्या डब्यात भरून घरी न्यायची, झाडाच्या बुंध्याला ओतायची नाही.