हँडलवर फोमची ग्रिप बसवताना: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

फोमची ग्रिप हँडलवर चढली म्हणजे बसली, असं होत नाही. सायकलच्या दुकानात नव्याने लागलेल्या पोरापोरींना सगळ्यात आधी हेच काम देतात, कारण शेठच्या हिशेबी ते किरकोळ. ब्रेकला हात लावू देत नाहीत, चाकाचा आउट, म्हणजे डोलणं, काढू देत नाहीत. ग्रिप मात्र "तू बसव". आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा उतार उतरताना गिऱ्हाइकाच्या अंगाचा भार तळहातांवर येतो, तेव्हा त्याच्या मुठीत तीच ग्रिप असते. दोन्ही ब्रेक दाबलेले असताना एका बाजूची ग्रिप फिरली तर माणूस पडतो. म्हणून इतकं सविस्तर लिहितेय. मी हे काम ठाण्यात शिकले, अंगठे सुजवून शिकले. त्या वेळी कुणी कारणासकट सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं.

मापाचं तुम्हाला ठाऊक असेल, तरी एकदा सांगते. सरळ हँडलचा ग्रिपकडचा पाइप बाहेरून २२.२ मिमी, म्हणजे ७/८ इंच. स्टेममध्ये, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्यात, धरला जाणारा मधला भाग बहुतेक २५.४ किंवा ३१.८ मिमी असतो. त्यावरून ग्रिप मागवू नका. रेसिंग सायकलच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलचा पाइप २३.८ मिमी, त्यावर टेप गुंडाळतात, तो विषय वेगळा.

फोमच्या साध्या ग्रिपला स्क्रू नसतो, क्लँप नसतो. तिचं भोक पाइपापेक्षा मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. ती ताणून चढवायची आणि त्या ताणावर ती पाइपाला धरून राहते. तिला धरून ठेवणारं दुसरं काहीही नाही. एसीच्या पाइपावर असतं ते काळं फोम बघा. ते मीटरवर स्वस्तात मिळतं, नायट्राइल रबराचं असतं, त्यात ७/८ इंचाचं मापही असतं. "एकदम फिट बसतं" म्हणून बरेच जण ते हँडलवर घालतात. पण सहज फिट बसतं म्हणजे त्यात ताणच नाही, मग ते पाइपाला धरणार कशानं? शिवाय ते पाइपावर गप पडून राहण्यासाठी बनवलेलं असतं, मुठीत दिवसभर दाबलं जाण्यासाठी नाही. उन्हात त्याचा भुगा होतो. हा स्वस्ताचा मार्ग कुणी कितीही शिकवला तरी घेऊ नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. साबणाचं पाणी.

बहुतेक दुकानांत नव्याला हेच सांगतात: मगात साबणाचं पाणी कर, ग्रिप बुडव, सरकव. ग्रिप सुरेख सरकते. संध्याकाळपर्यंत हाताला घट्टही लागते, म्हणून तर कुणाला शंका येत नाही. पण ग्रिपचं फोम बंद बुडबुड्यांचं असतं, त्यातून पाणी आरपार जात नाही. आतला पाइप तर लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा. मग दोघांच्या मध्ये अडकलेलं पाणी जाणार कुठून? फक्त दोन टोकांकडून, आणि तिथेही फोम पाइपाला दाबून बसलेलं असतं. कोरड्या हवेच्या गावात ते हळूहळू जातही असेल. ठाण्यात खाडीची दमट हवा, त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. इथे ते आठवडा आठवडा तसंच राहतं.

आणि समजा वाळलं, तरी वाळतं ते पाणी. साबण तिथेच राहतो. त्याचा पातळ थर पाइपावर सुकतो आणि ग्रिप घट्ट वाटते. मग एखाद्या पावसात घोडबंदर रोडवर तासभर सायकल भिजते, टोकाकडून थोडं पाणी आत शिरतं, साबण पुन्हा ओला होतो, आणि ग्रिप पहिल्या दिवशी चढवताना सरकली होती तशीच पुन्हा सरकते. फक्त या वेळी ती गिऱ्हाइकाच्या हातात असते. घाम खूप येणाऱ्या माणसाच्या सायकलला तर पावसाचीही गरज लागत नाही.

अशी परत आलेली ग्रिप एकदा उभी चिरून उघडून बघा. लोखंडी हँडल असेल तर आतून तपकिरी पाणी येतं, पाइपावर गंजाचे पापुद्रे असतात, फोमच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, आणि ब्रेकच्या बाजूच्या कडेला साबणाची पांढरट रेघ दिसते. हे मी डोळ्यांनी बघेपर्यंत परत येणाऱ्या प्रत्येक ग्रिपसाठी एक तर माझा हात कच्चा ठरत होता, नाहीतर माल हलका. मगातल्या पाण्याचं नाव कुणी घेत नव्हतं. तुमच्या बाबतीतही असंच चाललं असेल तर खचू नका. हात सुधारून हे सुधारत नाही, पाणी बदलावं लागतं.

त्या जागी आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा. केमिकलच्या दुकानात मिळतं. मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड साफ करायला वापरतात, त्यांना विचारलं तर कुठून घ्यायचं ते सांगतील. ते सरकवण्यापुरतं ओलं करतं, लवकर उडतं आणि मागे काही ठेवत नाही. 'मागे काही ठेवत नाही' हा एकच निकष लावून बाकीचे सगळे उपाय तपासा. जखमेचं सर्जिकल स्पिरिट घेणार असाल तर बाटलीवरचं वाचा, कारण ब्रिटिश फार्माकोपियाच्या, म्हणजे तिथल्या अधिकृत औषधग्रंथाच्या, कृतीत त्यात एरंडेल तेल असतं. कोरोनापासून दुकानात सॅनिटायझर पडलेलं असतं, तेही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या ठरलेल्या कृतीतसुद्धा १.४५ टक्के ग्लिसरीन आहे, आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. हेअरस्प्रे व्हिडिओंमध्ये फार दिसतो. तो वाळल्यावर चिकटतो हे खरं, पण पाण्याने सुटतो, म्हणजे आपल्या पावसाळ्यात भरवसा नाही. तेल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे यांतलं काहीही लावलं तर ग्रिप फेकायची तयारी ठेवा. ग्रिप नायट्राइल फोमची असेल तर तेलाने लगेच खराब होत नाही, पण तेलकट पाइपावर ती टिकून बसतही नाही. थिनर आणि पेट्रोल तर बाटली उघडूच नका, हँडलचा रंग निघतो आणि काही जातींचं फोम फुगतं.

आयसोप्रोपाइल पेट घेतं. सकाळी दुकान उघडल्यावर देवापुढे उदबत्ती लावतात, ती विझेपर्यंत बाटली दूर ठेवा.

चढवायच्या आधी ब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर गिऱ्हाइकाला सायकलवर बसवून जागच्या जागी लावून घ्या. नंतर "जरा आत घ्या ना दादा" आलं की बसलेली ग्रिप पुन्हा हलवावी लागते. पाइप आधी पुसा. जुन्या ग्रिपचा काळा चिकटा असेल तर तो पूर्ण काढा, गंज असेल तर पॉलिश पेपर मारा, आणि हात धुवा. चेनचं तेल लागलेल्या बोटांनी फोम उचललं की सगळी मेहनत तिथेच गेली. हँडल कापलेलं असेल तर टोकाची आतली-बाहेरची धार कानशीने मोडा. हॅक्सॉने कापलेल्या पाइपाच्या कडेला बारीक दात राहतात, आणि ते फोमला आतून उभं फाडतात. बाहेरून पत्ता लागत नाही.

मग खरं काम. थोडं अल्कोहोल ग्रिपमध्ये ओता, दोन्ही तोंडं अंगठ्यांनी बंद करून हलवा, उरलेलं पाइपावर ओता आणि लगेच चढवा. इथे नव्यांचा हात हमखास उलटा जातो: ते ग्रिप मध्यावर मुठीत धरून आत ओढतात. फोमची नळी ओढली की लांब होते आणि त्याच वेळी बारीक होते, म्हणजे पाइपाला आणखी आवळते. तुम्ही जितका जोर लावाल तितकी ती अडते. त्याऐवजी बाहेरच्या टोकावर तळहात ठेवा आणि ढकला. ढकललेली नळी आखूड होते आणि फुगते, पाइपापासून जराशी सुटते, तेवढ्यात पुढे सरकते. दुसऱ्या हाताने फक्त दिशा द्या, मध्यावर दाबू नका. आणि मध्ये थांबू नका, अल्कोहोल उडालं की ती जिथे असेल तिथेच धरते. तसं झालं तर घाबरायचं काही नाही. सायकलचा जुना गुळगुळीत स्पोक कडेने फोमखाली सारा, सिरिंजने दोन थेंब सोडा, पुन्हा ढकला. काढतानाही हीच रीत: लिव्हरकडच्या टोकावरून बाहेर ढकलायची, बाहेरच्या टोकाला धरून खेचायची नाही.

कंप्रेसर असेल तर हवेवर चढवणं सगळ्यात स्वच्छ. हँडलचं दुसरं टोक बंद करायचं, ग्रिपच्या बाहेरच्या तोंडात नोझल धरून हात आवळायचा, हवा फोम आणि पाइप यांच्यामधून निघते आणि ग्रिप तिच्यावर तरंगत सरकते. प्रेशर कमीपासून सुरू करा, डोळ्यांवर चष्मा हवाच. पण मला वाटतं, हे नंतर शिका. आधी हाताने जमलं की फोम कुठे अडतंय ते बोटांना कळतं, आणि ते कळणं पुढे केबल, टायर, सगळ्याला उपयोगी पडतं.

चढल्यावर लगेच पट्टीने दोन्ही बाजू मोजा. ढकलून दाबलेलं फोम थोडं लांब होऊ पाहतं, ताणलेलं मागे येतं; वाळायच्या आत सारखं करून घ्या. मग सायकल रात्रभर राहू द्या. गिऱ्हाईक घाई करेल, शेठ त्याहून जास्त करेल. ठाम राहा, पावसाळ्यात तर नक्कीच. सकाळी दोन्ही हातांनी ग्रिप ओला टॉवेल पिळल्यासारखी पिळा, आधी कोरड्या हाताने, मग फडकं गुंडाळून. पाइपावर जरा जरी फिरली तर काढा, पुसा, पुन्हा चढवा. सुपर ग्लू लावून विषय मिटवू नका. तो कडक होतो, फोम मऊ राहतं, आणि नेमकं त्या सीमेवर ते फाटतं.

टोकाचा प्लग, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारं बूच, विसरलात तर मी दुकानात तुमच्या वरिष्ठ असते तर सायकल बाहेर सोडली नसती. पडताना उघडा पाइप पोटात किंवा मांडीत घुसतो. लहान मुलांच्या सायकलवर हे जास्त घडतं, कारण मूल पडताना हँडल वळतं आणि टोक थेट पोटाकडे येतं. बंद तोंडाची ग्रिप असली तरी मऊ फोम सायकल भिंतीला टेकवून टेकवून झिजतं आणि आतला पाइप डोकावतो. म्हणून आधी पाइपात प्लग, मग ग्रिप. उघड्या तोंडाची असेल तर ग्रिप बसल्यावर प्लग ठोका आणि बोटाने ओढून बघा.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जो वस्ताद नुसतं "असंच करतात" म्हणतो त्याच्याकडून हाताची सफाई घ्या, कारणं दुसरीकडून मिळवा. जो तुम्ही बसवलेली ग्रिप तुमच्याकडूनच काढून घेतो आणि आत काय झालंय ते दाखवतो, त्याच्याकडे पगार थोडा कमी असला तरी थांबा. मला असे एक काका उशिरा भेटले. ते बोलायचे कमी, पण चिरलेली ग्रिप माझ्या हातात द्यायचे आणि माझं बघून होईपर्यंत थांबायचे.

व्हिडिओ जरूर बघा, पण ते कुठल्या हवेत काढलेत ते लक्षात ठेवा. आणि सरावासाठी गिऱ्हाइकाचं हँडल नको. भंगारवाल्याकडून जुनं हँडल आणा, टोक कापा, कानस मारा, एकच स्वस्त ग्रिप घेऊन ती चढवा आणि न फाडता काढा. पहिल्यांदा बहुतेक फाटेलच. फाटलेली चिरून आतून बघा आणि दुसरी घ्या.