स्टोरेज स्लो झालंय? नवीन डिस्क मागवायच्या आधी या चुका टाळा

सिस्टीम स्लो झाली की पहिलं बोट डिस्ककडे जातं, जुनी झाली असेल, एसएसडी टाका, विषय संपला. अहो पण स्लो म्हणजे नक्की काय ते तरी आधी बघा, मोठी फाइल कॉपी व्हायला वेळ लागतोय की हजारो बारक्या फाइल्स उघडताना अडकतंय? ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग वाचायला दिली तर सेकंदाला १५० एमबी सहज देते, पण रँडम, म्हणजे इकडचं-तिकडचं विखुरलेलं वाचायला लावली की सगळा वेळ हेड इकडून तिकडे पळवण्यातच जातो आणि सेकंदाला शंभरेक ऑपरेशन्सच्या पुढे गाडी सरकत नाही, ४ केबीच्या ब्लॉकने हिशोब केला तर अर्धा एमबीसुद्धा होत नाही. डिस्क बिघडलेली नाहीये, तिची जातच ती.

दुसरी चूक म्हणजे डीडीने (लिनक्समधली डेटा कॉपी करायची कमांड) टेस्ट घेणं. डायरेक्ट फ्लॅग (कॅश टाळून थेट डिस्कवर लिहायला सांगणारा पर्याय) न देता चालवलं की डेटा आधी रॅममधल्या कॅशमध्ये जातो, आकडा झकास दिसतो, आपण खूश. त्यापेक्षा फायो, म्हणजे डिस्कचा वेग मोजायचं टूल वापरा, पण डेटा असलेल्या डिस्कवर थेट राइट टेस्ट लावू नका, सगळं पुसलं जाईल!

आयोस्टॅटमध्ये (डिस्कवरचा भार दाखवणारी कमांड) यूटिल, म्हणजे डिस्क किती वेळ कामात होती ते, १०० टक्के दिसलं म्हणून घाबरू नका. एसएसडी किंवा रेडमध्ये (अनेक डिस्क जोडून केलेला संच) एकाच वेळी बऱ्याच रिक्वेस्ट चालतात, त्यामुळे तो आकडा फसवा असतो, खरी गोष्ट अवेट (एका रिक्वेस्टला लागलेला वेळ) आणि क्यू (रिक्वेस्टची रांग) सांगतात. तेसुद्धा प्रत्येक डिस्कचं वेगळं बघा, कारण अॅरेमधली, म्हणजे त्या संचातली एकच डिस्क आजारी असली तरी बाकीच्या तिच्यासाठी थांबून राहतात.

आणि नेटवर्कवरून कॉपीचा स्पीड सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येऊन चिकटला असेल तर डिस्क सोडा, १ गिगाबिटचं नेटवर्क भरलंय, त्यातून १२५ एमबीच्या वर जाऊच शकत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो, एकदा दोन दिवस डेटाबेसच्या क्वेऱ्या उसवत बसलो, इंडेक्स बदलले, कनेक्शन वाढवले, एकदम चार गोष्टी बदलल्यामुळे कशाने काय झालं तेही कळेना. निघालं काय, तर रेड कंट्रोलरच्या (डिस्कचा संच सांभाळणारं कार्ड) कॅशची बॅटरी गेलेली, त्यामुळे तो आपणहून राइट-थ्रूवर गेला होता आणि प्रत्येक राइट थेट डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबत होता. लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, मीच उघडला नव्हता.