लेसरने लिहायचंय? आधी फोकस धरायला शिका

एमएस्सीला प्रोजेक्ट म्हणून ‘डिस्कवर लेसरने लिहिणं’ हा विषय घेतला, तेव्हा माझी समजूत साधी होती: लेसर लावायचा, भिंगाने बारीक करायचा, चालू-बंद करायचा. महिनाभराचं काम. प्रत्यक्षात आठ महिने लागले, त्यातले पाच नुसत्या फोकसमध्ये गेले.

पहिली खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीतली, तीन जुने डीव्हीडी रायटर. “चालू आहेत का?” विचारलं. दुकानदार म्हणाला, “चालू असते तर या ढिगात आले असते का, दादा?” पण आतली पिकअप, म्हणजे लेसर आणि भिंगाचा भाग, शाबूत होती. चार बारीक तारांवर लटकलेलं भिंग, बाजूला कॉइल आणि चुंबक. बोट लावलं की डुलतं. पुस्तक उघडण्याआधी एक तरी पिकअप खोलाच.

प्रकाशाचा ठिपका साधारण तरंगलांबी भागिले न्यूमरिकल अपर्चरची (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं, त्या आकड्याची) दुप्पट, एवढा असतो. सीडीत ७८० नॅनोमीटर आणि ०.४५, डीव्हीडीत ६५० आणि ०.६०, ब्ल्यू-रेत ४०५ आणि ०.८५. हे सगळ्यांना पाठ असतं. अपर्चर वाढलं की फोकसची खोली, म्हणजे ठिपका बारीक राहतो तेवढं अंतर, वर्गाच्या प्रमाणात घटते, हे मात्र टेबलावर बसल्यावर कळतं. सीडीत जेमतेम चार मायक्रॉन, ब्ल्यू-रेत अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. आणि फिरणारी डिस्क वर-खाली हलते मिलिमीटरच्या दशांशांत! म्हणजे भिंगाने सतत डिस्कच्या मागे धावायचं.

त्यासाठी परतणारा प्रकाश दंडगोल भिंगातून चार भागांच्या डिटेक्टरवर पाडतात. फोकस जुळला की ठिपका गोल, डिस्क जवळ आली की एका तिरप्या बाजूने लांबट, दूर गेली की दुसऱ्या. समोरासमोरच्या भागांच्या बेरजा वजा केल्या की चूक किती आणि कुठल्या दिशेला ते कळतं. भिंग सावकाश वर-खाली केलं की ऑसिलोस्कोपवर आडवा ‘एस’ दिसायला हवा. मला तीन आठवडे अर्धाच दिसत होता. डिटेक्टर केसभर सरकलेला होता, बस्स. तो पूर्ण आला त्या रात्री वॉचमन कुलूप घेऊन दारात उभा होता.

आणखी एक फजिती. डिस्कऐवजी साध्या आरशावर फोकस करत होतो आणि ठिपका फिसकटलेलाच. सर म्हणाले, “अरे, डिस्कचं प्लास्टिक कुठाय?” डीव्हीडीचं भिंग ०.६ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट धरूनच घडवलेलं असतं.

आता मॉड्युलेशन, म्हणजे लेसर चालू-बंद किंवा कमी-जास्त करणं. ड्राइव्हमध्ये लेसर डायोडचा करंटच वर-खाली करतात. पण पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर लांब खूण एका लांब पल्सने उमटवली, तर उष्णता साचून शेपटाकडे ती फुगते. म्हणून छोट्या पल्सची माळ, मध्ये थंड व्हायला उसंत.

काचेच्या मास्टर डिस्कवर (जिच्यावरून पुढे प्रती काढतात) गॅस लेसरने लिहायचं तर तो एवढ्या झटपट चालू-बंद होत नाही. तिथे अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर लागतो, म्हणजे स्फटिकातल्या ध्वनिलहरींनी किरण वळवायचा. मी एक मिलिमीटर जाडीचा किरण थेट टेल्युरियम डायऑक्साइडमध्ये सोडला. तिथे ध्वनी मायक्रोसेकंदाला ४.२ मिलिमीटर जातो, म्हणजे किरण ओलांडायला जवळजवळ २४० नॅनोसेकंद. सीडीच्या एका चॅनल बिटचा (खुणांची लांबी मोजायच्या एककाचा) वेळच २३१! कडा धूसर होणार नाहीत तर काय? किरण स्फटिकातच ५० मायक्रॉनवर आणला, काम झालं. फार बारीक केला की वळणारा प्रकाश कमी होतो, तेवढं सांभाळा.

चष्मा त्या-त्या तरंगलांबीचाच घाला. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला फिका दिसतो, म्हणून तो फसवतो. घड्याळ, अंगठी काढून बसा. माझ्या घड्याळाच्या काचेवरून उडालेला तांबडा ठिपका छतावर पाहिला, तेव्हापासून मनगट मोकळं.

“डिस्कचा जमाना गेला, मग हे कशाला?” असं घरचेही विचारतात. खरंय, सोनीनेही फेब्रुवारी २०२५मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रेचं उत्पादन थांबवलं. पण मी आज सर्किट बोर्डावर लेसरने नक्षी उमटवणाऱ्या यंत्रांवर काम करतो, आणि तिथेही हाच ऑटोफोकस, हाच मॉड्युलेटर. मुलाखतीत फळ्यावर फोकस एररचा वक्र, म्हणजे तोच ‘एस’, काढायला सांगितला. मी काढला, वर तो अर्धाच कशाने येतो तेही सांगितलं. पुढचा प्रश्न थेट पगाराचा होता.