ज्याला पटत नाही, त्याच्यासाठी लिहा

पत्रकारितेचा अभ्यासक्रम संपवून जिल्हा आवृत्तीत रुजू झालेली मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. सामाजिक विषयांवर लिहायचंय, पण वाचणाऱ्याला पटेल असं कसं लिहायचं? मी त्यांना आधी उलट विचारते, पटवायचं कुणाला आहे? जो आपल्याच विचारांचा आहे तो बातमी वाचून हळहळतो आणि पान उलटतो. खरी परीक्षा असते ती ज्याला आपलं म्हणणं मान्य नाही, किंवा मान्य करणं परवडत नाही, त्याच्यासमोर. मला हे कळायला एक अख्खा ऊसतोडीचा हंगाम लागला. तो अनुभव सविस्तर सांगते.

मी बीड जिल्ह्यात वार्ताहर म्हणून कामाला लागले. दसरा-दिवाळी झाली की इथली कितीतरी गावं निम्मी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर जायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडून ती फेडायची. म्हातारी माणसं आणि शाळेतली थोडी पोरं मागे राहतात. मी पहिल्यांदा फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतावर, गेले ती दुपारी, गाडीनं. दोन तास थांबले आणि रात्री बाराशे शब्दांची बातमी लिहून मोकळी झाले.

आमचे मुख्य उपसंपादक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांनी ती वाचली आणि लाल पेनानं फक्त काही शब्दांखाली रेघा ओढल्या. विदारक. अभागी. नरकयातना. मन सुन्न करणारं. मग विचारलं, "हे मुकादमानं वाचलं तर काय म्हणेल?"

मी म्हटलं, "म्हणेल, पेपरवाले काहीही लिहितात."

"मग त्याला पळवाट तूच दिलीस की. अगं, यातला एकही शब्द खोटा ठरवता येत नाही आणि खराही ठरवता येत नाही. त्याला ज्यावर वाद घालावा लागेल असं काहीतरी आण."

बातमी छापली गेली नाही. मला वाईट वाटलं, पण आठवड्यानं मी परत गेले आणि या वेळी रात्री तिथेच राहिले.

कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री, आत वाकून जावं लागतं. पहाटे तीनला शेजारची बाई उठली. चूल पेटवली, दिवसभराच्या भाकरी एकदमच थापल्या, झोपलेलं पोर पाठीशी बांधलं आणि उजाडायच्या आत फडात पोचली. नवरा तोडत होता, ती पाचट काढून मोळ्या बांधत होती. दुपारनंतर गाडी भरायची वेळ आली. डोक्यावर मोळी, पायाखाली ट्रकला टेकवलेली फळी. ती चढताना फळी मधोमध वाकायची आणि प्रत्येक वेळी ती त्या वाकलेल्या जागी क्षणभर थांबायची. मी हे मोजत बसले. तासाभरात माझ्या वहीचं पान रेघांनी भरलं.

पण बातमी सापडली ती मुकादमाच्या वहीत. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, एका कोयत्याला एक पान. वर उचलीची रक्कम, खाली तारखा. दोन तारखांसमोर लिहिलं होतं, 'खाडा', म्हणजे कामावर न आल्याचा दिवस, आणि त्यापुढे कापलेले पाचशे. मुकादमानं वही स्वतःच दाखवली, लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. मी त्या दोन तारखा उतरवून घेतल्या आणि संध्याकाळी त्या बाईला विचारलं. एका दिवशी पोराला ताप होता. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावरून एवढं जात होतं की उभं राहवत नव्हतं.

या वेळी बातमीत मी एवढंच लिहिलं. तारीख, खाडा, पाचशे रुपये. पुढच्या ओळीत त्या दिवशी काय झालं होतं ते. परत तारीख, खाडा, पाचशे. विशेषण एकही नाही. सरांनी एका अक्षराला हात न लावता ती पहिल्या पानावर घेतली.

मराठीत याचं एक फार जुनं आणि फार मोठं उदाहरण आहे. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. पहिल्याच अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, पण या मनोऱ्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. तिथे संतापाला केवढी जागा होती, याचा विचार करा. त्यांनी वाचकासमोर एक इमारत उभी केली. जातिव्यवस्थेचं समर्थन करणारा माणूसही ती वाचताना नकळत शिडी शोधायला लागतो, आणि ती नाही हे त्याचं त्यालाच दिसतं. शंभर वर्षांनंतरही मी नव्या मुलांना ती जागा दाखवते.

आता क्रियापदांकडे या. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपली भाषा इथे आपल्याला सगळ्यात जास्त फसवते.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये देशभर गाजला. गावाकडे या शस्त्रक्रियेला 'पिशवी काढणं' म्हणतात. त्या काळात मी दिवसभर बायकांशी बोलायची आणि रात्री लिहायला बसले की एका शब्दावर अडायची. 'बाईनं पिशवी काढून घेतली' असं लिहिलं की निर्णय तिचा झाला, जबाबदारीही तिची. 'डॉक्टरांनी पिशवी काढली' म्हटलं की कोणत्या, कुठे, कशासाठी, याची कागदपत्रं हवीत. 'पिशवी काढायला लावली' हा तर थेट आरोप, त्याला साक्ष हवी. आणि चौथं, आपलं सगळ्यांचं लाडकं, 'पिशव्या काढण्यात आल्या'. सरकारी पत्रकातून आपल्या बातमीत शिरलेलं हे 'करण्यात आलं' कर्त्याला अलगद गायब करतं. कुणी केलं ते विचारायचं राहून गेलं, हे त्यात झाकलं जातं. म्हणून माझा नियम असा की बातमी पूर्ण झाली की प्रत्येक 'ण्यात आलं' शोधायचं आणि तिथे कर्ता घालून बघायचा. घालता आला तर घालायचा. आला नाही तर लिहिणं थांबवून फोन उचलायचा, कारण तेवढी बातमी अजून हातात आलेलीच नाही.

त्या बायकांच्या तोंडून मला जे ऐकायला मिळालं ते एका क्रियापदात मावणारं नव्हतं. कुणाला डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली होती. कुणाचं लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी झालेलं, विशीत दोन-तीन बाळंतपणं उरकलेली, आता पिशवीची कटकट नको असं तिला स्वतःलाच वाटत होतं. फडावर ना संडास ना पाणी, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, मग दुखणं अंगावर काढायचं. 'मुकादमानं ऑपरेशन करायला लावलं' असा सोपा मथळा देता आला असता आणि तो गाजलाही असता. पण ज्या मुकादमानं कुणालाही तसं सांगितलं नव्हतं, त्यानं त्या एका वाक्यावरून सगळी बातमी खोटी ठरवली असती. त्याला तोंडी सांगावंच लागत नव्हतं. वहीतला खाडा पुरेसा होता. ही गोष्ट सविस्तर मांडली की मथळा लहान होतो, पण पळवाट उरत नाही.

आकड्यांचंही तसंच. जून २०१९ मध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांमध्ये तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सांगितलं. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. असे दोन-तीन आकडे एका परिच्छेदात आले की वाचकाचे डोळे वरून घसरतात. मी भागाकार केला. साधारण सहा जणींमागे एक. मग लिहिलं, हापशावर सहा बायका पाण्याला उभ्या असतील तर त्यातल्या एकीची पिशवी काढलेली आहे. मूळ आकडे लगेच खाली दिले, कारण शंका घेणाऱ्याला स्वतः भागाकार करून बघता आला पाहिजे. आकडे नसतील तर ते मिळवण्याचा रस्ता माहीत करून घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांत आपल्या तालुक्याचे आकडे पडून असतात, ते वाचायची सवय लावा.

'मजूर' लिहायचं की 'कामगार', हाही लहान प्रश्न नाही. कामगार म्हटलं की मालक कोण हा प्रश्न आपोआप येतो. मी कामगार लिहिते. बायकांना 'अबला', 'बिचारी' कधीच लिहीत नाही. आणि एक खोड आपल्या वर्तमानपत्रांत सर्रास आहे. बाईचं बोलणं आपण बोलीत छापतो आणि तहसीलदारांचं शुद्ध मराठीत, जरी तेही आपल्याशी बोलीतच बोललेले असतात. वाचकाच्या मनात कोण शहाणं आणि कोण अडाणी हे तिथेच ठरून जातं. दोघांना एकच माप लावा.

आता माझी चूक. एका बाईनं मला तिची सगळी हकिगत विश्वासानं सांगितली. मी तिचं नाव बदललं आणि निर्धास्त झाले. पण गावाचं नाव, मुलींची संख्या आणि दीर ग्रामपंचायतीत कामाला असल्याचा उल्लेख तसाच राहिला. मला ते तपशील प्रभावी वाटले होते. बातमी आली त्या दिवशी दुपारपर्यंत गावात सगळ्यांना कळलं. घरी तिचं काय झालं ते इथे लिहिणार नाही. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "ताई, आता काई इचारू नका." लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, मुलांच्या बाबतीत पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आहे. ही कलमं पाठच हवीत. पण तिच्या प्रकरणात कायद्यानं मला अडवलं नसतं. तेव्हापासून मी बातमी पाठवण्याआधी ती तिच्या शेजारणीच्या नजरेनं वाचते. शेजारीण ओळखेल असं वाटलं तर तो तपशील जातो, कितीही मोलाचा असो. शक्य असेल तिथे त्या बाईला तिच्याबद्दलचा मजकूर वाचूनही दाखवते.

खाड्याच्या बातमीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. छापून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच मुकादमाचा फोन आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं उचलला. तो म्हणाला, "मॅडम, तारखा बरोबर हैत. पैशे पण बरोबर हैत. पण तुम्ही असं लिवलंय की खाडा मीच लावतो. मला तो वरूनच लागून येतो, मी फकस्त पुढं ढकलतो. आमची गाडी उशिरा भरली की आमचं बी कापतेत."

मी त्याला थांबायला सांगितलं, वही उघडली आणि विचारलं, "वरून म्हणजे कुठून? कुणाच्या सहीनं?"