ट्रान्सफॉर्मर संपला तरी टोकामॅकमधला करंट चालू कसा ठेवायचा

टोकामॅक म्हणजे अणुसंमीलनासाठी प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्राने कोंडणारं कड्यासारखं यंत्र. त्यात प्लाझ्मा धरून ठेवायला त्याच्यातूनच करंट वाहावा लागतो. सुरुवातीला हा करंट मधल्या सोलेनॉइडमुळे (तारेच्या वेटोळ्यामुळे) येतो, म्हणजे प्लाझ्मा हीच ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, पण सोलेनॉइडमधला करंट एका मर्यादेपर्यंतच बदलत नेता येतो, ती आली की शॉट, म्हणजे प्रयोगाची ती फेरी, संपली. म्हणून पुढे लहरींनी ढकलायचं. मी लोअर हायब्रिड नावाच्या मायक्रोवेव्ह लहरींची पद्धत सांगतो, गांधीनगरच्या एसएसटी-1 या टोकामॅकवर ती 3.7 गिगाहर्ट्झची आहे, आकडे त्याच हिशोबाने घ्या.

पॉवर वाढवायच्या आधी फेज बघा, सगळा खेळ तिथेच आहे. अँटेना म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या वेव्हगाइड (लहर नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळ्या), तिला ग्रिल म्हणतात. सगळ्यांना एकच फेज दिली तर लहर दोन्हीकडे सारखीच जाते, प्लाझ्मा तापेल पण करंट मिळणार नाही. शेजारच्या दोघींत साधारण 90 अंशांचा फरक ठेवा, मग ती मुख्यतः एकाच बाजूला जाते आणि तिच्याच वेगाने पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांना पुढे रेटते. बाजू कुठली? इलेक्ट्रॉन ऋण, त्यामुळे करंटच्या उलटी. इथे चूक झाली तर आहे तो करंटही कमी होतो, म्हणून केबल जोडल्यावर दोनदा तपासा.

मग ग्रिलच्या तोंडाशी प्लाझ्माची डेन्सिटी, म्हणजे इलेक्ट्रॉनांची दाटी. या फ्रिक्वेन्सीला दर घनमीटरला साधारण 1.7 × 10¹⁷ इलेक्ट्रॉन तरी हवेत, नाहीतर लहर आत शिरतच नाही, परत येते आणि वेव्हगाइडमध्ये आर्किंग होतं, म्हणजे ठिणग्या उडतात. परतणारी पॉवर बघत बघत ग्रिल थोडं थोडं पुढे सरकवा, फार जवळ नेलं तर तोंडच भाजतं. परतणारी पॉवर अचानक उसळली की क्षणात बंद होईल असा इंटरलॉक लावल्याशिवाय सुरूच करू नका.

आतली डेन्सिटी मात्र बेतानेच ठेवा, कारण तेवढ्याच पॉवरला डेन्सिटी दुप्पट झाली की मिळणारा करंट साधारण निम्मा होतो. लोकं गॅस सोडत राहतात, त्याने डेन्सिटी वाढते, आणि दोष देतात क्लायस्ट्रॉनला, म्हणजे लहरींची पॉवर देणाऱ्या नळीला!

जमलं का ते लूप व्होल्टेजवर कळतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर प्लाझ्माच्या कड्याभोवती देत असलेल्या व्होल्टेजवर. प्लाझ्माचा करंट तोच ठेवून पॉवर हळूहळू चढवा, व्होल्टेज खाली येत जाईल, शून्याला टेकलं की ट्रान्सफॉर्मरची मदत संपली, सगळा भार लहरींवर. जपानच्या ट्रायम-1एम या टोकामॅकवर याच पद्धतीने प्लाझ्मा 5 तासांहून जास्त टिकवलाय.